तळी भरल्यावर

वणीत चिखलदऱ्याचा विषय निघतो तो बहुधा नवतपात. २५ मेच्या सुमाराला सूर्य रोहिणीत शिरतो आणि पुढचे नऊ दिवस भरदुपारी कुणी कुणाचं दार वाजवत नाही. रस्ते ओस पडतात. छतावरच्या टाकीचं पाणी दिवेलागणीलाही चटका देतं. चंद्रपूरचा पारा ४७ अंशांवर गेल्याची बातमी टीव्हीवर येते, पण चंद्रपूर आमच्या शेजारचं. ती बातमी अंगाला आधीच कळलेली असते. मग कैरीचं पन्हं पिता पिता घरातलं कुणीतरी म्हणतं, "औंदा चिखलदऱ्याले जाऊ," आणि कूलरच्या घरघरीवर आवाज चढवत सगळे एकदम बोलायला लागतात.

त्या बोलण्यात गारवा असतो आणि पाणी असतं. वणीला निर्गुडा नदी आहे, पण उन्हाळ्यात तिच्याकडे पाहवत नाही. गावाभोवती नीलजई, उकणी, मुंगोली, कोलारपिंपरीच्या कोळसाखाणी आहेत, राजूरकडे चुन्याच्या भट्ट्या आहेत आणि रस्त्यावर रात्रंदिवस कोळशाचे ट्रक. सकाळी तुळशीला पाणी घालण्याआधी मी तिची पानं बोटांनी पुसते. पानाच्या वरच्या बाजूवरून बोट फिरवलं की बोटाला काळा लेप येतो आणि त्याखालून हिरवा रंग निघतो. मागची बाजू मात्र स्वच्छ असते, तिथे धुळीला बसायला जागाच मिळत नाही. मी दोन-तीन पानं तशीच उलटून बघते. ह्याच कोळशावर आमची चूल पेटते. हे खाणीत पाळीनं कामाला आहेत आणि त्या काळ्या दगडाबद्दल आमच्या घरात कुणी वाकडं बोलत नाही. पण डोळ्यांना वर्षातून एकदा तरी मोठं, मोकळं पाणी बघायचं असतं आणि पाण्यामागे हिरवा डोंगर हवा असतो. ही भूक पोटाच्या भुकेइतकीच खरी आहे, असं मी आता धीटपणे म्हणते.

ह्यांच्या सोबतची माणसं एलटीसी घेऊन तिरुपतीला जातात, जगन्नाथपुरीला जातात, कुणी वैष्णोदेवीचं दर्शन घेऊन येतं. तळ्याकाठचं थंड गाव म्हटलं की नैनितालची नाहीतर उटीची चर्चा होते. लेकीनं एका सुट्टीत अशा गावांची माहिती वहीत उतरवून काढली आणि तिच्या वहीतून मला एक गोष्ट उमगली. उटीचं तळं जॉन सलिव्हन ह्या इंग्रज कलेक्टरनं १८२० च्या दशकात बांधून घेतलं. महाबळेश्वरचं वेण्णा तळं साताऱ्याच्या आप्पासाहेब महाराजांनी १८४२ मध्ये करवलं. कोडईकनालचं तळं १८६३ मधलं, तेही बांध घालून केलेलं. नैनितालचं तळं निसर्गाचं, पण आपल्या ह्या बाजूच्या डोंगरी गावांमधली बरीचशी तळी माणसांनी पाऊस अडवून साठवलेली आहेत. डोंगराच्या माथ्यावर पाणी आपणहून थांबत नाही. कुणीतरी उतार हेरतो, कुणीतरी बांध घालतो आणि चार महिन्यांचं पाणी बारा महिन्यांसाठी धरून ठेवतो. आपण काठावर उभे राहून फोटो काढतो तो त्या साठवणीचा.

चिखलदऱ्याचंही हेच आहे. सातपुड्याच्या गाविलगड रांगेत, सुमारे १,११८ मीटरवर वसलेलं हे गाव १८२३ मध्ये हैदराबाद रेजिमेंटच्या कॅप्टन रॉबिन्सनच्या नजरेत भरलं, असं सगळीकडे लिहिलेलं असतं. नजरेत भरलं एवढंच. कोरकू आणि गवळी तिथे त्याच्या कितीतरी आधीपासून राहत होते. नंतर साहेबांचे बंगले उठले, कॉफीची झाडं लागली. महाराष्ट्रात कॉफी पिकते हे आमच्याकडे अजूनही पुष्कळांना खरं वाटत नाही. गावात शक्कर तलाव आहे, त्यात नावा चालतात. कालापाणी आहे, बीर तलाव आहे, मच्छी तलाव आहे. देवी पॉइंटजवळच्या मंदिरात कातळाच्या छतातून पाणी ठिबकत असतं. भीमकुंडात म्हणे भीमानं कीचकाला मारून हात धुतले. सगळ्या दंतकथाही तिथे पाण्यापाशीच येऊन थांबतात.

ह्या बेताला पहिला अडसर घातला तो काकाजींनी. काकाजी म्हणजे ह्यांचे चुलते. एसटीत ड्रायव्हर होते, त्यातली बरीच वर्षं परतवाड्याकडे काढली. घाटाचं वळण न् वळण त्यांच्या हातात आहे. पन्ह्याचा पेला खाली ठेवून ते म्हणाले, "उन्हाळ्यात चिखलदऱ्याले काहून जाता वं? तथं मानसाईले प्याले पानी नसते, अन् तुमी बादल्या भरभरून आंग धुवाले जासान."

खोलीत एकदम शांतता झाली. मग ते सावकाश सांगत गेले. वरचा सगळा डोंगर काळ्या दगडाचा आणि उतार असा की पाऊस कितीही पडो, तो दऱ्यांमधून खाली धावतो. तळ्यांत अडेल तेवढंच पाणी आपलं. मार्चपासून तळ्यांचे काठ उघडे पडायला लागतात, मेमध्ये तालुक्यातल्या गावागावांत टँकर फिरतात. टँकर आला की बाया हंडे, गुंड, प्लॅस्टिकच्या कॅन घेऊन धावतात. त्याच वेळी खालच्या मैदानातून आम्ही गाड्या भरभरून वर चढत असतो, उन्हानं हैराण झालेले, पाण्याला आसुसलेले. आमची तहान खोटी नाही. पण ती भागवायला आम्ही ज्याच्या दारात जातो त्याचाच माठ रिकामा असतो.

मला त्या रात्री झोप लागली नाही. कोरकूंच्या मेळघाटाबद्दल आपण विदर्भातली माणसं काय जाणतो? कुपोषणाच्या बातम्या वाचतो, हळहळतो. बैरागडला डॉ. रवींद्र आणि डॉ. स्मिता कोल्हे ह्या दांपत्यानं आपलं आयुष्य घातलं, २०१९ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली तेव्हा आम्ही पेढे वाटल्यासारखे खूश झालो. व्याघ्रप्रकल्प माहीत असतो. देशातल्या पहिल्या नऊ व्याघ्रप्रकल्पांमधला तो एक. पण सुट्टीचा बेत आखताना त्या डोंगरावर माणसं राहतात, त्यांना उन्हाळा असतो, हे मनात येत नाही. आपल्या वणीचे लोकनायक बापूजी अणे १९३० मध्ये पुसदच्या बाजूला राखीव जंगलातलं गवत कापून सत्याग्रहाला उभे राहिले, ते रानावर रानातल्या माणसांचा हक्क आहे म्हणून. त्यांच्या गावातून चिखलदऱ्याला जाणाऱ्या माणसानं निदान पाण्याच्या बाबतीत एवढं भान ठेवायला हवं.

तेव्हा ठरलं. जायचं, पण तळी भरल्यावर.

एकदा हे ठरल्यावर घरात वेगळीच मजा सुरू झाली. बेत लांबणीवर पडला तसा तो वाढत गेला. मृग कोरडा गेला की लेक विचारायची, "तिकडे पडला का?" जुलैत परतवाड्याकडे मुसळधार झाल्याचं कळलं की सासूबाई हात जोडायच्या. पूर्वी पाऊस म्हणजे आमच्यासाठी कपाशी आणि सोयाबीन; आता त्यात डोंगरावरची तळीही आली. कधी न पाहिलेल्या पाण्याची माणूस अशी वाट बघू शकतो, हे मला ठाऊक नव्हतं.

ह्या वाट बघण्यातच मी नकाशा काढून बसले. निर्गुडा वर्धेला मिळते. आमच्याच तालुक्याच्या टोकाला, जुगादजवळ, पैनगंगाही वर्धेत येते. तिथून पुढे प्राणहिता, मग गोदावरी, मग बंगालचा उपसागर. आमच्या अंगणातलं पाणी पूर्वेला जातं. मेळघाटातल्या सिपना, गडगा, डोलार, खापरा, खंडू ह्या नद्या मात्र तापीला मिळतात. चिखलदऱ्याच्या दक्षिण उतारावरून निघणारी चंद्रभागाही पूर्णेतून तापीतच जाते आणि तापी अरबी समुद्रात. म्हणजे वणीहून चिखलदऱ्याला जाणारा माणूस एका समुद्राच्या पाण्यातून दुसऱ्या समुद्राच्या पाण्यात जातो, आणि वाटेत त्याला ते जाणवतही नाही. त्याहून नवल असं की वर्धा आणि तापी ह्या दोघींचंही माहेर एकच, मध्य प्रदेशातल्या बैतुल जिल्ह्यातला मुलताईचा परिसर. सख्ख्या शेजारणी एकाच गल्लीतून निघाल्या आणि दोन दिशांना नांदायला गेल्या. हे सासूबाईंना सांगितलं तेव्हा त्या बराच वेळ नकाशावर बोट फिरवत होत्या.

त्यांनी मग शकुंतलेची आठवण काढली. यवतमाळहून मूर्तिजापूर आणि मूर्तिजापूरहून अचलपूर अशी धावायची ही अरुंद रुळांची गाडी. इंग्रज कंपनीनं वऱ्हाडातला कापूस बाहेर काढण्यासाठी घातलेली, विसाव्या शतकाच्या सुरुवातीची. एक शाखा ११३ किलोमीटरची, दुसरी ७७ ची. सासूबाईंची मावशी अचलपूरला होती. त्या म्हणतात, शकुंतलेतून उतरून रस्त्याकडेची बोरं वेचून पुन्हा चढता यायचं. मैदानातून जाताना एका क्षणी उत्तरेला डोंगराची निळी रेघ दिसायला लागायची. तीच गाविलगडाची रांग. तेवढ्या जवळ जाऊनही त्या कधी वर चढल्या नाहीत. मावशीकडे लग्न असायचं, नाहीतर बाळंतपण. हिंडायला जाणं बायकांच्या वाट्याला यायचंच नाही. म्हणून ह्या बेताचा खरा मान त्यांचा आहे. पंचाहत्तरी ओलांडल्यामुळे एसटीत त्यांना तिकीट नाही आणि आम्हा दोघींना अर्धं. त्यांना गाडी भाड्यानं करून नेऊ असं ह्यांनी म्हटलं, तर त्या म्हणाल्या, "यष्टीनंच जाऊ. खिडकीत मी बसीन."

रस्ता असा: वणीहून मारेगाव, करंजी करत यवतमाळ. तिथून नेर, बडनेरा, अमरावती. अमरावतीला मुक्काम, कारण थोरल्या जाऊबाई तिथे आहेत आणि त्यांच्याकडे न थांबता पुढे गेलो तर वर्षभर ऐकावं लागेल. दुसऱ्या दिवशी सकाळी वलगाव, आसेगाव करत परतवाडा. गो. नी. दांडेकरांचा जन्म परतवाड्याचा, १९१६ चा. सह्याद्रीतले सगळे गडकिल्ले पायांखाली घालणाऱ्या माणसानं पहिले डोंगर पाहिले ते हे सातपुड्याचे, असं मनात धरून मला त्या गावात थोडं चालायचं आहे. तिथून वर जायला दोन वाटा: एक धामणगाव गढी आणि मोथ्यावरून, दुसरी घटांगवरून. मोथ्याला गवळ्यांची घरं आहेत, दूध आणि खवा तिथे मिळतो. अलीकडे त्या बाजूला स्ट्रॉबेरीही लावतात. काकाजींचा सल्ला असा की घाट सकाळीच चढावा, आणि सासूबाईंना पुढच्या बाजूला बसवावं. मागच्या बाकावर वळणाला पोट ढवळतं.

वर गेल्यावर काय काय, ह्यावर मात्र घरात एकमत नाही. ह्यांना गाविलगड बघायचा आहे. अहमदशहा बहमनीनं १४२५ मध्ये बांधलेला तो किल्ला पुढे इमादशाहीच्या ताब्यात आला. त्या घराण्याचा मूळ पुरुष फतहउल्ला इमाद उल्मुल्क विजयनगरकडचा होता, आणि किल्ल्याच्या दरवाजावर गंडभेरुंड कोरलेला आहे: दोन तोंडांचा पक्षी. वऱ्हाडच्या डोंगरात ही दक्षिणेची खूण कशी पोचली असेल, हे त्या दगडासमोर उभं राहून बघायचं आहे म्हणतात. खाणीत काम करणाऱ्या माणसाला दगडाची ओढ असते, हे मी इतक्या वर्षांत शिकले आहे. १५ डिसेंबर १८०३ ला आर्थर वेलस्लीच्या फौजांनी हा किल्ला घेतला. स्टीव्हन्सनच्या तुकडीनं तोफा ओढत ओढत डोंगर चढवून उत्तरेच्या बाजूनं तट फोडला. किल्लेदार बेनीसिंग लढता लढता पडला, आणि दोनच दिवसांनी देवगावचा तह होऊन नागपूरकर भोसल्यांना वऱ्हाड सोडावं लागलं. आपल्या सगळ्या मुलखाचं नशीब त्या एका तटाशी बदललं. पण आमच्या शाळेच्या पुस्तकात हे एका ओळीत उरकलेलं होतं. गडाच्या आतही तळी आहेत, हे मला जास्त मोलाचं वाटतं. वेढ्यात अडकलेली माणसं त्यांच्याच काठावर बसली असतील.

लेकीला रानपिंगळा हवा आहे. हे लहानसं घुबड १८८४ नंतर शंभराहून अधिक वर्षं कुणाला दिसलंच नाही. संपलं असं सगळ्यांनी धरून चाललं. १९९७ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या शहाद्याजवळ ते पुन्हा सापडलं, आणि पुढे मेळघाटातही आढळलं. मारुती चितमपल्लींची पुस्तकं तिनं शाळेच्या वाचनालयातून आणून वाचली आहेत. त्यांनी मेळघाटात नोकरी केली होती, हे तिला फार महत्त्वाचं वाटतं. रानपिंगळा दिवसा दिसतो, म्हणून सकाळी सगळ्यांनी तोंड बंद ठेवून चालायचं असा तिचा हुकूम आहे. हरिकेन पॉइंटपासून गोराघाटपर्यंत सिडकोनं हाती घेतलेल्या काचेच्या स्कायवॉकचीही तिला उत्सुकता आहे. मला काच नको, मला पंचबोल हवा. तिथे हाक मारली की दरी पाच वेळा ओ देते म्हणतात. सासूबाईंना काहीच नको. त्या म्हणाल्या, "मले तलावाच्या काठी एक खुर्ची द्या अन् तुमी हिंडून या."

त्या खुर्चीचा मी फार विचार करते. साठ वर्षं ज्या बाईनं घरातल्या प्रत्येकाच्या प्रवासाची शिदोरी बांधली, ती पहिल्यांदा स्वतःसाठी कुठेतरी बसणार आहे. शिदोरी तरीही तीच बांधणार. दशम्या दुधात मळायच्या, पाण्याचा थेंब लावायचा नाही, म्हणजे दोन-तीन दिवस टिकतात. कणीक ती परातीत एका बाजूला ओढते, मध्ये खळगा करते, त्यात कोमट दूध सोडते आणि बोटांनी हलकेच कालवते. जोर लावायचा तो शेवटी. सोबत शेंगदाण्याची चटणी, लसणाचं तिखट. हे तिनं मला लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीत शिकवलं आणि मला अजून तिच्यासारखं जमत नाही.

दिवस कोणते, हा प्रश्न शेवटी रजेनं सोडवला. जानेवारी ते मार्च खाणीत उत्पादनाची घाई असते, तेव्हा रजेचं नाव काढायची सोय नाही. श्रावण-भाद्रपदात धुकं आणि धबधबे असतात, वाचलं की जीव तिकडे धावतो, पण शनिवार-रविवारी घाटात गाड्यांच्या रांगा लागतात आणि सासूबाईंना निसरड्या वाटांवर न्यायची माझी तयारी नाही. कोजागरी तळ्याकाठी साजरी करावी असं फार मनात होतं. मोथ्याचं दूध, वर चांदणं. पण तेव्हा लेकीची सहामाही. म्हणून भाऊबीज झाल्यावर, आठवड्याच्या मधल्या वारांना. पावसाळ्यात बंद असलेली जंगल सफारीही तोवर सुरू झालेली असते. थंडी पडू लागलेली असते. तळी काठोकाठ नसली तरी भरलेली असतात, आणि गावाला अजून कुणाकडे पाणी मागावं लागत नसतं.

एक रात्र सेमाडोह-कोलकासकडे मिळाली तर बघू. कोलकासचं वनविभागाचं विश्रामगृह सिपनेच्या वळणावर आहे. पाहुण्यांना सामोरी येणारी ती नदी मला बघायची आहे. नाही मिळालं तर चिखलदऱ्यातच राहू आणि रोज त्याच तळ्यावर जाऊ. एका जागी पुन्हा पुन्हा जाण्यात जे मिळतं ते दहा पॉइंट पळत पळत बघून मिळत नाही, हे माझं ठाम मत आहे. सकाळचं पाणी वेगळं, दुपारचं वेगळं, आणि डोंगरामागे सूर्य गेल्यावरचं तर ओळखूही येत नाही.

बहिरमची यात्रा मात्र ह्या खेपेला हुकेल, ती डिसेंबरच्या विसाला सुरू होते. मातीच्या हंडीतलं जेवण आणि रोडगे खाल्ल्याशिवाय त्या मुलखातून परतू नये असं ह्यांचं म्हणणं आहे. बघू, पुढच्या वर्षी.

वणीकरांनो, चंद्रपूरकरांनो, यवतमाळ-वर्ध्याच्या माझ्या भावाबहिणींनो, एक विनंती आहे. यंदा नवतपात अंगाची काहिली झाली की चिखलदऱ्याचा बेत जरूर आखा. नकाशे काढा, म्हाताऱ्या माणसांना जुन्या आठवणी विचारा, मुलांना वह्या करू द्या. पण मे महिन्यात वर चढू नका. पाऊस पडू द्या, तळी भरू द्या, आणि दिवाळीनंतर आठवड्याच्या मधल्या वारी जा. जाताना पिण्याचं पाणी घरून भरून न्या, लॉजवर एका बादलीत आंघोळ करा आणि रिकाम्या बाटल्या परत घेऊन या. मोथ्याला थांबून गवळ्यांकडून खवा घ्या, चार घरांना त्याचा आधार होतो.